कांद्याच्या पट्ट्या आणि सॉर्टिंग: सोलापूरच्या एका आडत दुकानाचं प्रकरण

हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डात डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक ऐन भरात असते. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून गाड्या येतात, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडूनही येतात. लिलाव झाला की प्रत्येक वक्कलाचं, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या मालाच्या ढिगाचं, वजन, भाव आणि खर्च मांडून शेतकऱ्याची पट्टी निघते. पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी दुकानातून हलत नाही, आणि त्यानं हलूही नये. सहा महिन्यांच्या कष्टाचा तो हिशोब असतो.

हे प्रकरण तिथल्याच एका आडत दुकानातलं. दुकानाचा पट्टीचा प्रोग्रॅम दिवाणजींच्या पुतण्यानं पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे आणि प्रोग्रॅमिंग शिकायला माझ्याकडे येतो. नोव्हेंबरात प्रोग्रॅम झकास चालत होता. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, बटण दाबलं की स्क्रीन मिनिटामिनिटांनी थबकू लागली आणि गल्ल्यासमोर रांग वाढू लागली. दुकानात एकच चर्चा, कॉम्प्युटर जुना झाला, नवा घ्या. मुलानं कोड माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, मशीनचं नंतर बघू, आधी वहीत नोंदी कशा येऊन पडतात ते सांग.

वहीचा आकार

कॉम्प्युटरमधली वही शेतकऱ्याच्या नावानं लावलेली असते. सगळा हंगाम एकाच वहीत. दिवसभराच्या नव्या नोंदी तिच्या शेवटी जोडल्या जातात आणि संध्याकाळी, किंवा मधेच कुणी खातं विचारलं तर तेव्हा, आख्खी वही पुन्हा लावली जाते. आकडे गोल धरतो: जानेवारीच्या मध्याला वहीत ३०,००० नोंदी आणि दिवसाची भर ४०० नोंदींची. म्हणजे लावायच्या यादीतला जवळपास सगळा भाग आधीच लावलेला असतो. शेवटचा छोटा तुकडा तेवढा विस्कटलेला. या प्रकरणातलं पुढचं सगळं या एका गोष्टीवर फिरतं, आणि कोडमध्ये तिची कुठेही दखल नव्हती.

यादी अशी क्रमानं लावण्याला सॉर्ट म्हणतात. मुलानं त्यासाठी बबल सॉर्ट ही पद्धत लिहिली होती. शेजारशेजारच्या दोन नोंदी बघायच्या, उलट्या असतील तर अदलाबदल करायची, यादीच्या टोकापर्यंत जायचं, पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीत एकही अदलाबदल झाली नाही तर थांबायचं, ही सुधारणाही त्यानं केली होती. त्याचं म्हणणं असं की वही बहुतेक लावलेली आहे, तर दोन-चार फेऱ्यांत काम आटोपायला हवं. ऐकायला बरोबर वाटतं. पण बबल सॉर्टमध्ये मोठी नोंद एका फेरीत कितीही पुढे सरकते, लहान नोंद मात्र मागे फक्त एकच जागा येते. शेवटी जोडलेल्या ४०० नोंदींत एखादा ‘अ’वरून नाव असलेला शेतकरी असला की त्याला वहीच्या सुरुवातीला पोचायला जवळजवळ ३०,००० फेऱ्या लागणार. म्हणजे ‘लावून झालं तर थांब’ ही सुधारणा इथे कामालाच येत नाही.

तुलनांचा हिशोब नोंदींच्या संख्येच्या वर्गाच्या निम्मा धरायचा. नोव्हेंबरात ३,००० नोंदी होत्या तेव्हा ४५ लाख तुलना, तेवढ्या कुणाला जाणवतही नाहीत. ३०,००० नोंदींना ४५ कोटी. वही दहापट झाली आणि काम शंभरपट. मशीन तेच, कोड तोच, म्हणून संशय मशीनवर गेला. दुप्पट वेगाचं मशीन आणलं असतं तरी ते ४५ कोटींचं ओझं निम्म्या वेळात वाहिलं असतं इतकंच, आणि वही आणखी दीडपट झाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

क्विकसॉर्ट आणला, आणि वही उघडेनाच

मुलगा हुशार आहे. त्यानं दोन दिवसांत बबल सॉर्ट काढून क्विकसॉर्ट बसवला. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत त्यांना सुचली ती मॉस्कोत शिकत असताना. रशियन वाक्यातले शब्द शब्दकोशात शोधण्याआधी ते अकारविल्हे लावून घ्यायचे होते, त्या गरजेतून. म्हणजे मुळात शब्द लावण्यासाठीच जन्मलेली पद्धत. नावांच्या वहीला ती शोभायला हवी होती.

यादीतली एक नोंद खुंटा म्हणून धरायची, तिच्याहून लहान सगळ्या डावीकडे, बाकीच्या उजवीकडे, मग दोन्ही बाजू त्याच रीतीनं लावायच्या. खुंटा साधारण मधला सापडत गेला तर ३०,००० नोंदींचं काम काही लाख तुलनांत उरकतं. मुलानं पहिलीच नोंद खुंटा धरली होती, पुष्कळ पुस्तकांत पहिल्या उदाहरणात धरतात तशी. आता लावलेल्या यादीतली पहिली नोंद म्हणजे सगळ्यांत लहान. डावीकडे काहीच जात नाही, उजवीकडे उरलेली सगळी वही. पुढच्या पायरीला पुन्हा तेच. वही जितकी नीट लावलेली, तितका हा क्विकसॉर्ट वाईट चालतो. तुलना पुन्हा कोट्यवधींत, आणि वर फंक्शन स्वतःलाच हाका मारत खोल खोल उतरत जातं. पायथॉन मुळात १,००० पातळ्यांपर्यंतच असं उतरू देतो. त्यापुढे रिकर्शनची मर्यादा ओलांडल्याचा एरर येतो. तो आला.

मुलानं मर्यादा वाढवून बघितली. प्रोग्रॅम काही न सांगता बंद पडला. ही मर्यादा वाढवायची सूचना नेटवर जिथेतिथे दिसते. मला ती मनापासून खटकते. इतक्या खोल का उतरावं लागतंय, हे त्या एररचं सांगणं असतं. ते ऐकायचं सोडून त्याचं तोंड बंद करण्यात काय हशील?

मग खुंटा कुठलाही, चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा असं ठरलं. शेतकऱ्यांची वही सुरळीत लागली. दुसऱ्या दिवशी खरेदीदारांची यादी लावायला घेतली आणि तोच एरर पुन्हा हजर. शेतकरी हजारो असतात, खरेदीदार मूठभर. एखादा मोठा खरेदीदार हंगामातली पाच-पाच हजार वक्कलं उचलतो. त्या पाच हजार नोंदींत खरेदीदाराचं नाव एकच, म्हणजे खुंटा कुठलाही निवडा, त्याच्याहून लहान कुणीच नाही. सगळ्या सारख्या नोंदी एकाच बाजूला पडतात आणि पुन्हा एकेक करत उतरणं सुरू. यावर उतार म्हणजे यादीचे दोनऐवजी तीन भाग करणं: लहान, सारख्या, मोठ्या. सारख्या नोंदी तिथल्या तिथे बसल्या, त्यांना पुन्हा हात लावायचा नाही. अशी तिहेरी वाटणी हा संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांचा प्रसिद्ध प्रश्न. हॉलंडच्या झेंड्याचे तीन रंग वेगळे करा, अशा रूपात त्यांनी तो मांडला होता. मुलानं तो समजून घेऊन लिहिला आणि दोन्ही याद्या बघता बघता लागू लागल्या.

वेगाचा प्रश्न सुटला. तरी मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यानंतर जे झालं त्यामुळे.

मोठा, मध्यम, गोल्टी

एका शेतकऱ्याचा माल सहसा प्रतवारी करून येतो. मोठा कांदा, मध्यम आणि गोल्टी म्हणजे अगदी लहान कांदा, अशी तीन वक्कलं. काट्यावर ती ज्या क्रमानं चढतात त्याच क्रमानं काटापट्टीवर लिहिली जातात. नव्या प्रोग्रॅममधून निघालेल्या पट्टीवर गोल्टी वर, मोठा तिच्याखाली आणि मध्यम सगळ्यांत शेवटी असं छापून आलं. पुढच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर आणखी वेगळा क्रम. वजन बरोबर, भाव बरोबर, बेरीज बरोबर. पण शेतकरी काटापट्टी एका हातात आणि हिशोबाची पट्टी दुसऱ्या हातात धरून ओळीला ओळ लावून बघतो. पहिल्या ओळीवर मोठ्या कांद्याच्या जागी गोल्टीचा भाव दिसला की त्याच्या मनात पहिला विचार कुठला येणार? दिवाणजींनी त्या दिवशी किती जणांची समजूत घातली असेल ते त्यांनाच ठाऊक.

मुलगा म्हणाला, ‘काका, आकडे सगळे बरोबर आहेत.’

दिवाणजी म्हणाले, ‘आकडे बरोबर आहेत रे, पण आधी आलेला माल आधी लागतो. एवढं तरी कळाय पाहिजे की तुझ्या मशीनला.’

दिवाणजींनी एका वाक्यात जे मागितलं त्याला संगणकशास्त्रात स्टेबल सॉर्ट म्हणतात: नाव सारखं असलेल्या नोंदींचा आपापसातला मूळ क्रम बदलता कामा नये. बबल सॉर्ट शेजाऱ्यांचीच अदलाबदल करतो आणि सारख्या नोंदींना हात लावत नाही, म्हणून तो स्टेबल असतो. त्याच्या काळात हा प्रश्न कधी उठलाच नाही. क्विकसॉर्ट नोंदी लांबवर फेकतो, त्यात हा क्रम मोडतो. वेगासाठी पद्धत बदलली आणि जुन्या पद्धतीबरोबर न मागता मिळालेली एक चांगली गोष्ट हातची गेली. कोणत्याही चाचणीत ते दिसलं नाही, कारण मुलाची चाचणी फक्त ‘नावं चढत्या क्रमानं आहेत का’ एवढंच विचारत होती.

मी दिवाणजींना विचारलं, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा तुम्ही कसं लावत होता? त्यांनी कागद घेऊन करूनच दाखवलं. हंगामाच्या चिठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा नावानं लावलेला. दिवसाच्या चिठ्ठ्या ते आधी वेगळ्या बसून लावायचे. मग दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वरच्या दोन चिठ्ठ्या बघायच्या, जी आधीची ती उचलायची, आणि असं करत एकाच फेरीत नवा गठ्ठा तयार. नाव सारखं आलं तर? ‘जुनी आधी. नवीची जागा जुनीच्या मागं.’ हे सांगताना त्यांना जराही विचार करावा लागला नाही.

हा मर्ज सॉर्टचा गाभा आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मर्ज सॉर्ट मांडला. दिवाणजी त्यातली विलीनीकरणाची पायरी वर्षानुवर्षं हातानं करत होते, आणि तीही थेट आपल्या वहीच्या आकाराला बेतून. मुलानं ती त्याच दिवशी कोडमध्ये उतरवली. त्यातली कळीची ओळ मराठीत अशी:

जुन्या गठ्ठ्यातलं वरचं नाव ≤ नव्या गठ्ठ्यातलं वरचं नाव असेल, तर जुनी नोंद उचला. नाहीतर नवी उचला.

त्या ≤ चिन्हाकडे नीट बघा. तिथे नुसतं < लिहिलं तरी प्रोग्रॅम चालतो, नावं चढत्या क्रमानं लागतात, जुनी चाचणी पास होते. फक्त सारखं नाव आलं की नवी नोंद जुनीच्या पुढे जाऊन बसते. ‘नवीची जागा जुनीच्या मागं’ हा दिवाणजींचा सगळा नियम त्या चिन्हाखालच्या एका आडव्या रेघेत आहे.

आता तुलना मोजू. दिवसाच्या ४०० नोंदी आपापसात लावायला साधारण साडेतीन हजार. दोन गठ्ठे एकत्र करायला जास्तीत जास्त ३०,४०० च्या आसपास. मिळून ३४,०००. आख्खी वही नव्यानं मर्ज सॉर्टनं लावली असती तर साडेचार लाखांच्या घरात तुलना लागल्या असत्या, आणि बबल सॉर्टच्या ४५ कोटी होत्या. क्विकसॉर्टही नीट लिहिला तरी लाखांतच राहतो, कारण वहीचा बराचसा भाग लावलेला आहे हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत असून त्याला त्याचा उपयोगही करता येत नाही.

इथपर्यंत आल्यावर मी त्याला पायथॉनचा स्वतःचा सॉर्ट उघडून दाखवला. मुद्दाम इतक्या उशिरा. २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी पायथॉनसाठी लिहिलेला टिमसॉर्ट हेच करतो: यादीत आधीपासून लागलेले सलग तुकडे शोधतो, फार छोटे तुकडे इन्सर्शन सॉर्टनं, म्हणजे एकेक नोंद तिच्या जागी खुपसत, थोडे मोठे करून घेतो, आणि मग तुकडे एकमेकांत मिसळतो, स्टेबल राहून. एका गठ्ठ्यातल्याच नोंदी लागोपाठ उचलल्या जात आहेत असं दिसलं तर एकेक न बघता उड्या मारत पुढे जातो. आपल्या वहीसाठी यापेक्षा चांगलं काही स्वतः लिहायची गरज नाही. शिवाय तो सी भाषेत लिहिलेला असल्यानं आपल्या पायथॉन कोडपेक्षा कितीतरी वेगानं चालतो. दुकानात आज तोच चालतो.

मग आधीची मेहनत वाया गेली का? माझं मत स्पष्ट आहे: शिकणाऱ्यानं सॉर्ट एकदा स्वतःच्या हातानं लिहिलाच पाहिजे, आणि दुकानात मात्र तयार सॉर्टच वापरला पाहिजे. ‘पायथॉनचा सॉर्ट स्टेबल आहे’ हे वाक्य त्या मुलानं वर्गात ऐकलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. गोल्टीच्या पट्टीनंतर त्याला ते कळलं. उद्या त्याला डेटाबेसमधून किंवा दुसऱ्या भाषेतून यादी लावून घ्यावी लागली, तर ती स्टेबल आहे का हे तो आधी विचारेल, आणि नसेल तर नावाच्या जोडीला आवक क्रमांकही तुलनेत घेईल. दोन्ही घेतले की कुठलीही पद्धत चालते.

ळ, क्ष, ज्ञ

आता राहिलं ते कुठल्याही तयार सॉर्टला आपोआप येणार नाही असं. दिवाणजींची तक्रार होती की क्षीरसागरांचं खातं सापडत नाही.

कॉम्प्युटर अक्षरांची तुलना युनिकोडमधल्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या कोष्टकातल्या, त्यांच्या क्रमांकांवरून करतो. देवनागरीच्या त्या कोष्टकात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलेला आहे. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र जागाच नाही. क्ष म्हणजे क, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि ष अशी तीन चिन्हं. आपण शाळेत शिकलो ती वर्णमाला ह नंतर ळ, क्ष, ज्ञ अशी संपते, आणि दिवाणजींची बोटं त्याच क्रमानं वही चाळतात. एक छोटी यादी घ्या. कॉम्प्युटर ती अशी लावतो: कदम, काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरात, हजारे. दिवाणजींच्या वहीत: कदम, कावळे, कासार, काळे, खरात, हजारे, क्षीरसागर. काळे दोन जागा सरकतात, हे एखाद्या वेळी नजरेतून सुटेल. क्षीरसागर मात्र ‘क’च्या शेवटी जाऊन दडतात आणि माणूस त्यांना वहीच्या शेवटच्या पानावर शोधत बसतो.

यासाठी सॉर्टला हात लावायचा नाही. सॉर्टला फक्त तुलना कशाची करायची ते द्यायचं. मुलानं वर्णमालेचा एक तक्ता केला, त्यात प्रत्येक चिन्हाला आपल्या क्रमानं आकडा दिला. क्ष आणि ज्ञ दिसले की ते एकच अक्षर धरायचे. नावाचं रूपांतर आकड्यांच्या माळेत करायचं आणि सॉर्टनं त्या माळांची तुलना करायची. पायथॉनच्या सॉर्टला हे ‘की’ म्हणून देता येतं, आणि तो प्रत्येक नोंदीची माळ एकदाच करून ठेवतो, प्रत्येक तुलनेला नव्यानं करत नाही.

तक्ता बसवल्यावर एक चमत्कारिक गोष्ट उघडकीला आली. एकाच गावचे, एकाच नावाचे दोन कुऱ्हाडे. स्क्रीनवर दोन्ही नावं तंतोतंत सारखी, पण खाती दोन आणि नोंदी दोन्हींत वाटलेल्या. अक्षरं सुटी करून बघितली तेव्हा उलगडा झाला. एका ठिकाणी ऱ हे स्वतंत्र अक्षर टाइप झालं होतं, दुसऱ्या ठिकाणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्हींतून तोच चंद्रकोरीसारखा रफार उमटतो. दोन वेगळ्या कीबोर्डांवरून नावं भरली गेली होती, त्याचा हा परिणाम. युनिकोडचं प्रमाणीकरण र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) मिळून झालेला ऱ एकरूप करतं, पण या न दिसणाऱ्या चिन्हाच्या जोडीला हात लावत नाही. ती बदलायचा नियम स्वतः लिहावा लागला. हा नियम लावायचा तो नाव भरतानाच. सॉर्टच्या वेळी लावला तर वहीचा क्रम सुधारतो, पण खाती दोनच राहतात.

आवक क्रमांकांचंही असंच. ते मजकूर म्हणून साठवले होते, त्यामुळे १०० हा २० च्या आधी येत होता. इथे पायथॉननं सुखद धक्का दिला: देवनागरी अंकांत लिहिलेला ‘१००’ तो थेट शंभर म्हणून वाचतो, वेगळं काही करावं लागत नाही.

चाचणी आता तीन गोष्टी विचारते. क्रम वर्णमालेप्रमाणे आहे का, एका शेतकऱ्याची वक्कलं आवक क्रमानं आहेत का, आणि लावण्याआधी जितक्या नोंदी होत्या तितक्याच नंतर आहेत का. तिच्यासाठी याद्याही मुद्दाम निवडल्या आहेत: आधीच लावलेली, पूर्ण उलटी, सगळी नावं सारखी, लावलेल्या वहीला शेवटी विस्कटलेली शेपटी, आणि एकदम रिकामी. रिकामी यादी दिवाणजींनी सुचवली. यार्ड बंद असेल त्या दिवशी काय होतं, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या दिवशी प्रोग्रॅम खरोखरच अडखळत होता.

एक काम बाकी आहे. कर्नाटकातून येणाऱ्या काही शेतकऱ्यांनी पट्टीवर नाव कन्नड लिपीत मागितलं आहे. सोलापुरात ही मागणी रास्तच आहे. कन्नड वर्णमालेतही ळ हा ह नंतर येतो आणि युनिकोडमध्ये तिथेही तो ल आणि व यांच्या मधेच बसवला आहे, त्यामुळे तक्त्याची युक्ती तशीच चालेल. मुलानं कन्नड तक्ता लिहायला घेतला आहे. अक्कलकोटचा एक मित्र त्याला तो तपासून देणार आहे.